डावं मोकळं

२ सप्टेंबर, मंगळवार

कुणी लिहिलं? कुणी? हात झडो त्याचे!

सकाळची फेरी संपवून बस लावली, किल्ली अडकवायला ऑफिसात गेले, तर टाय म्हणतो, "बसा." एकोणीस वर्षांत हा साहेब मला कधी बसा म्हणालेला नाही. घाम गळत असला तरी गळ्यातला टाय सोडत नाही आणि ड्रायव्हरला खुर्ची देत नाही, अशी त्याची ख्याती. तेव्हाच कळायला हवं होतं.

"तुमच्याबद्दल पत्र आलंय."

निनावी! कारकुनाने फाइल छातीशी धरून वाचून दाखवलं. मला बघूसुद्धा दिलं नाही. 'बारा नंबर बसच्या चालकबाईंना डाव्या बाजूचं नीट दिसत नाही. मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे. कृपया त्यांचे डोळे तपासून घ्यावेत. बाई कामाला चोख आहेत, त्यांना टाकून बोलू नये.'

टाकून बोलू नये म्हणे! आधी मारायचं आणि मग फुंकर घालायची!

मला दिसत नाही? मला? तिसऱ्या वळणावरचा शिपाई शिट्टी तोंडात घालायच्या आत मला दिसतो. मागच्या बाकावर कोण कुणाची वेणी ओढतंय ते वरच्या आरशात दिसतं. रस्त्यावरच्या पाट्या मी चष्म्याशिवाय वाचते. या वयात! टाय म्हणाला, "नियम आहे बाई. पत्र आलं की मेडिकल करावंच लागतं. दहा तारखेला. तोपर्यंत चालवा."

म्हणजे मी आंधळी आहे, पण दहा तारखेपर्यंत चालेल. वा रे नियम!

३ सप्टेंबर, बुधवार

रात्रभर विचार केला. डावी बाजू. डावीकडे दार. दारात कोण उभी असते? भोंगा!

अकरा वर्षं ही बाई माझ्या बसवर मदतनीस आहे. मुलांना चढवणं, उतरवणं, दार लावणं, पत्र्यावर दोन थापा मारणं. दोन थापा म्हणजे चल, एक थाप म्हणजे थांब. सगळ्या बसवर हेच. पण हिचं थापांवर भागत नाही. वर तोंडाचा पट्टा! "डावं मोकळं, चल!" "डावीकडे सायकल!" "खांब, खांब, खांब!" सगळा रस्ता डोकं उठवते. आधी असं नव्हतं. गेली दीड-दोन वर्षं जास्तच. म्हणून तर भोंगा नाव पडलं. मी कितीदा म्हटलं, मला डोळे आहेत गं! तर हसायची.

आता कळलं हसू. बाई नोंद ठेवत होती!

दुपारी बस धुवायच्या नळापाशी गाठलं. विचारलं, "पत्र तू लिहिलंस?" तिने आधी बादली खाली ठेवली. "कसलं पत्र?" म्हणाली. मी म्हटलं, सोंग नको. डावी बाजू, मुलांचा जीव, सगळं त्यात आहे. हे बसमधलं माणूसच लिहील. तू नाही तर कोण? माझ्या घरातलं कुणी लिहिणार का? माझ्या नवऱ्याने लिहिलं का?

ती बघत राहिली. मग म्हणाली, "हो. मीच लिहिलं."

सरळ! तोंडावर! लाज नाही, शरम नाही! मला वाटलं होतं नाही म्हणेल, भांडेल, शिव्या देईल. मी भांडायच्या तयारीने गेले होते. तिने माझ्या पायाखालची जमीनच काढून घेतली.

एका डब्यात जेवलोय आम्ही अकरा वर्षं. हिच्या लेकीच्या लग्नात मी तीन रात्री जागले. तिचा नवरा गेला तेव्हा ही माझ्याकडे राहिली होती महिनाभर. आणि ही!

टायला जाऊन सांगितलं, मला दुसरी मदतनीस द्या. आजच्या आज.

४ सप्टेंबर, गुरुवार

भोंग्याला नऊ नंबरवर टाकलं. बरं झालं. बस कशी शांत झाली.

५ सप्टेंबर, शुक्रवार

नवी मुलगी दिली आहे. वीस-बावीसची. बोलते ते तिलाच ऐकू येतं का शंका आहे. कुजबुज नाव ठेवलं. थापासुद्धा अशा मारते, जसं बाळाला थोपटतेय! मी आरशातून ओरडते, "जोरात मार, पत्रा आहे, फुटत नाही!" तर "हो ताई" म्हणते. तेही ओठांनीच.

वळणावर एक सायकलवाला डावीकडून एकदम उपटला. बसच्या पत्र्यावर बुक्की मारून गेला. "आंधळी आहेस का?" म्हणे! आजच नेमका त्यालाही हाच शब्द सापडला. सगळ्या गावाला ते पत्र वाटलंय की काय?

घरी आले तर चहाचा डबा गायब. शेगडीच्या डावीकडे फळीवर असतो. लग्न झाल्यापासून तिथेच असतो. शोध शोध शोधला. सापडला उजव्या हाताला, पाण्याच्या पिंपाशेजारी. मिठाची बरणी पण तिकडेच. ह्यांना विचारलं तर मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "पुसायला काढले होते, राहिले तिकडे." माझं स्वयंपाकघर यांनी का पुसावं? गिऱ्हाइकांचे कपडे वेळेवर शिवून देत नाहीत, आणि डबे पुसतात!

७ सप्टेंबर, रविवार

मेडिकलचे कागद जमवले. जुना परवाना, नवा परवाना, प्रती, फोटो, फॉर्म. ह्यांच्याकडे दिले, म्हटलं एकत्र लावा. तर सवयीप्रमाणे सुई-दोरा घेऊन डाव्या कोपऱ्यात दोन टाके! पांढरा दोरा, मागे गाठ. आमच्या घरात विजेचं बिल सुद्धा शिवलेलं असतं. शिंपी झाला म्हणून काय झालं! कारकून हसतात. मागच्या वेळी एकाने विचारलं होतं, याला अस्तर नाही लावलं का? म्हटलं, अहो, दुनियेत स्टेपलर नावाची वस्तू आहे. तर म्हणतात, "पिन गंजते. कागद फाटतो. टाका फाडत नाही."

रागाने बाहेर गेले आणि स्टेपलर घेऊन आले. ठेवला त्यांच्या मशीनवर दाणकन. हल्ली हा माणूस बोलतच नाही. मी एवढी जळतेय, एकदा तरी म्हणावं ना, कोण मेला माझ्या बायकोला आंधळी म्हणतो! तेही नाही. "तपासून तर घे" म्हणाले फक्त. आणि जेवताना उजवीकडे येऊन बसले. म्हटलं, सरका, हात लागतो. सरकले नाहीत.

फॉर्मवर प्रश्न. चक्कर येते का? नाही. झटके येतात का? नाही. एखाद्या बाजूचं कमी दिसतं का? नाही! पेन असं दाबलं की खालच्या कागदावर उमटलं.

८ सप्टेंबर, सोमवार

डावा आरसा पुन्हा गेला. या वर्षात तिसरा. फाटकापाशी खांब नेमका कडेला रोवतात, आणि म्हणे ड्रायव्हर बघत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

पास! पास! पास!

नाकावर टिच्चून पास! डॉक्टरने एक डोळा झाकला, वाच म्हणाला. वाचलं. दुसरा झाकला, वाच. वाचलं. सगळ्यात खालची ओळ वाचली. त्याच्याही खाली मुंगीएवढ्या अक्षरात तक्ता छापणाऱ्याचं नाव होतं, तेही वाचलं! डॉक्टर हसला. म्हणाला, "मला दिसत नाही ते." रंगीत ठिपक्यांतले आकडे, तेही ओळखले. रक्तदाब जरा वर होता. म्हटलं, निनावी पत्र येऊ द्या तुमच्याबद्दल, मग मोजू. शिक्का मारला. 'वाहन चालवण्यास योग्य.' सगळं मिळून सात मिनिटं. डाव्या बाजूचं त्याने काही विचारलं नाही. फॉर्मवर 'नाही' लिहिलेलं होतंच.

निघताना खुर्चीला पाय अडकला, मांडी शेकली. दवाखान्यात खुर्च्या वाटेत ठेवतात!

११ सप्टेंबर, गुरुवार

दाखला टायच्या टेबलावर ठेवला. "मला माहीतच होतं बाई," म्हणाला. माहीत होतं तर त्या दिवशी बसा कशाला म्हणालास?

मुद्दाम नऊ नंबरपाशी गेले. भोंगा पायऱ्या पुसत होती. म्हटलं, "सगळ्यात खालची ओळ वाचली. तुझ्यासाठी पेढे आणू की चष्मा?" ती उभी राहिली. एवढं मोठं तोंड असलेली बाई, आवाज खाली आला तिचा. म्हणाली, "तक्ता समोर असतो गं. मुलं समोर नसतात." मी म्हटलं, गप्प बस, तुझा आवाज अकरा वर्षं ऐकलाय, आता पुरे.

बाकीचे ड्रायव्हर बघत होते. बघू देत. मी लागले तेव्हा हेच म्हणत होते, बाई बस चालवणार? आठ दिवसांत झाडाला ठोकेल. एकोणीस वर्षं झाली. एका मुलाला खरचटलं नाही माझ्या बसमध्ये. एकाला सुद्धा! हे त्या पत्रात का नाही लिहिलं?

ह्यांना दाखला दाखवला. दोनदा वाचला. मग विचारतात, "कडेचं तपासलं का?" कडेचं काय तपासायचं असतं? साडीची कड आहे का?

१६ सप्टेंबर, मंगळवार

दुपारची फेरी. पाण्याच्या टाकीजवळचा थांबा. पाच मुलं उतरली. कुजबुजने दोन थापा मारल्या. गियर टाकला, बस पुढे घेतली. आणि कडकन् आवाज! डाव्या चाकाखाली. ब्रेक मारला. मागची मुलं सगळी बाकांवर आपटली, एक रडायला लागलं.

उतरून बघितलं. पाण्याची बाटली. निळी. चपटी झालेली. कुजबुज फुटपाथवर बसलेली आणि पहिलीतली एक दोन शेंड्यांची पोरगी तिच्या मांडीवर. मी म्हटलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही ताई. बाटली पडली."

मग तर मी तोंड सोडलं. दोघींवर! मुलांनी बाटल्या सांभाळायच्या नाहीत, मदतनिसाने मुलं सांभाळायची नाहीत, आणि चाकाखाली आलं की ड्रायव्हर आहेच! ती पोरगी माझ्याकडे टक लावून बघत होती. रडली नाही. कुजबुजचा कोपर सोलला होता. म्हटलं, हे कशाने? तर "पडले" म्हणाली.

भोंगा असती तर बाटली गेली नसती. हे मी लिहिलं का? लिहिलं. खोडणार नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

लिहायला हात चालत नाही.

फेरी संपली. मुलं गेली. कुजबुज उतरेना. माझ्या मागच्या बाकावर बसून राहिली. म्हटलं, काय गं, घर नाही का? तर रडायला लागली. मोठ्याने! तिला आवाज आहे हे मला आजच कळलं.

"ताई, बाटली नव्हती फक्त. ती होती."

बाटली घरंगळत पुढे गेली. ती दोन शेंड्यांची मागे धावली. बसच्या पुढे, डाव्या कोपऱ्यात. पुढच्या काचेतून सरळ दिसेल अशी. बाटली उचलायला वाकायच्या आधी तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. आणि हात हलवला. मला! ड्रायव्हर आजीला टाटा करतात तसा. तिला वाटलं मी बघितलं. कुजबुजलाही वाटलं मी बघितलं. "तुमचं तोंड तिकडेच होतं ताई. मला वाटलं तुम्ही थांबणार. आणि तुम्ही बस पुढे घेतलीत." मग हिने उडी मारून तिला दप्तराच्या पट्ट्याने ओढलं. हातभर अंतर होतं, म्हणाली.

मी तिच्यावर ओरडले. काल का नाही सांगितलंस? कालच्या काल का नाही? तर म्हणते, "तुम्ही भोंगा मावशींना काढलंत ना ताई. मला पण काढलं असतं."

बरोबर आहे. काढलं असतं.

ती गेल्यावर बसमध्येच बसले. माझ्या जागेवर. समोरच्या काचेवर मधोमध एक डाग आहे, त्याच्यावर नजर रोखली. उजवा हात कडेला धरून बोटं हलवली. दिसली. डावा हात धरला, बोटं हलवली. नाही. जवळ आणला. नाही. आणखी जवळ. नाही. माझाच हात! मला माहीत आहे तो तिथे आहे, बोटं हलतायत ते कळतंय, आणि दिसत नाही! नजर जरा फिरवली की दिसतो. डागाकडे बघितलं की गेला.

पंधरा-वीस वेळा केलं. मग स्टिअरिंगवर बुक्क्या मारल्या.

१८ सप्टेंबर, गुरुवार

रजा टाकली. ह्यांना पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. बिनसाखरेचा चहा केला आणि दोघांनी तसाच प्यायला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात गेले. एकटीच.

मशीन आहे. हनुवटी टेकवायची, एक डोळा बांधतात, मध्ये एक दिवा, त्याच्याकडे बघत राहायचं. कडेला कुठेतरी बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. पहिल्या खेपेला तो तंत्रज्ञ सारखा म्हणतोय, "नजर हलवू नका. बाई, नजर हलते आहे. समोर बघा." अरे, हलणारच! एकोणीस वर्षं दर दोन सेकंदाला आरसे बघितलेत, डावा, उजवा, वरचा. ड्रायव्हरची नजर थांबली तर तो ड्रायव्हर कसला? ती सगळी चाचणी फुकट गेली. पुन्हा बसवलं.

दुसऱ्यांदा मी दात आवळून समोर बघितलं. बटण दाबलं, दाबलं, दाबलं. मग दिवे बंद झाले. वाट बघितली. काहीच नाही. पुन्हा वाट बघितली. शेवटी चिडले. म्हटलं, "अहो, मशीन बंद पडलंय तुमचं! किती वेळ बसवून ठेवता माणसाला?"

तो म्हणाला, "बाई, मशीन चालू आहे."

एवढंच म्हणाला. हळू म्हणाला. माझ्या हातातलं बटण घामाने निसटलं.

डॉक्टरीण तरुण होती. कागद दाखवला. दोन गोल. डाव्या डोळ्याचा गोल जवळजवळ सगळा काळा, मध्ये रुपयाएवढं पांढरं. उजव्याचा नाकाकडचा भाग काळा. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, कडेने खात खात येतो. मधलं शेवटपर्यंत शाबूत, म्हणून तक्ता वाचता येतो. "तुम्ही सारखी नजर फिरवता, म्हणून इतके दिवस निभावलं. तुमचं तुम्हालाही कळलं नाही." गेलं ते परत येत नाही. थेंब रोज घातले तर राहिलेलं राहील. मी विचारलं, बस? ती म्हणाली, "नाही." मी म्हटलं, हळू चालवली तर? ती म्हणाली, "मावशी, हळू चालवली तरी ती जागा काळीच राहणार."

घरी आले आणि दारातच थांबले. स्वयंपाकघर बघितलं. नीट, मान फिरवून फिरवून. चहा उजवीकडे. मीठ उजवीकडे. तव्याची मूठ उजवीकडे. माझ्या कपड्यांची खुंटी डावीकडची उजवीकडे. चौकटीच्या डाव्या बाजूला, जिथे माझा खांदा आपटतो तिथे, ह्यांनी कापडाची पट्टी ठोकली आहे. कधी ठोकली? मला कशी दिसली नाही? कशी दिसणार!

मी जे सुटले! "तुम्हाला माहीत होतं! कधीपासून माहीत होतं?" म्हणाले, "वर्ष-सव्वा वर्ष." "आणि बोलला नाहीत?" "बोललो होतो. दोनदा. तू ताट भिरकावलंस." ते मला आठवत नाही. म्हणजे आठवतं. पण ते ताट मी दुसऱ्या कशावरून तरी भिरकावलं होतं असं मला वाटत होतं.

मग मी म्हटलं ते लिहून ठेवते. म्हटलं, "त्या बाईने निदान पत्र लिहायची हिंमत केली! शत्रू झाली, पण लिहिलं! तुम्ही काय केलंत? डबे हलवलेत!"

ह्यांनी मान खाली घातली आणि मशीन चालवायला घेतलं. सुईत दोरा नव्हता.

२१ सप्टेंबर, रविवार

थेंब घातले. झोंबतात. भोंग्यावरचा राग जात नाही. दोन वर्षं माहीत होतं तर तोंडावर का नाही सांगितलं? "डावं मोकळं, डावं मोकळं" ओरडत राहिली. एवढा घसा फोडण्यापेक्षा एक वाक्य बोलायचं होतं!

तिला पण ताट भिरकावून मारलं असतं म्हणा.

२२ सप्टेंबर, सोमवार

टायकडे गेले. दवाखान्याचा कागद पुढे केला. त्याने हात मागे घेतला, जसा काही कागद भाजणार आहे.

"बाई, तुमचा फिट दाखला फाइलला लागलाय. झालं. हा कागद मी बघितलेला नाही. परीक्षा तोंडावर आल्यात, मी ड्रायव्हर कुठून आणू? सुट्टीपर्यंत चालवा. जुनी मदतनीस परत देतो हवं तर. ती ओरडते ना बरी?"

म्हणजे यालाही माहीत होतं! सगळ्यांना माहीत होतं!

आणि खरं लिहू? क्षणभर बरं वाटलं. अगदी आतून बरं वाटलं. सुट्टीपर्यंत. भोंगा दारात, डोळ्यात तेल घालून. मी हळू चालवीन. शिक्का आहे, सही आहे, कुणी काही म्हणणार नाही. किल्ली समोर खिळ्यावर होती, लाल कापडाचा गोंडा लावलेली. ह्यांनीच शिवलेला. हात गेला सुद्धा.

मग ती दोन शेंड्यांची आठवली. टाटा करणारी.

टायला म्हणाले, तुमची नात आहे ना हो चार नंबर बसवर? उद्यापासून तिला माझ्या बसवर पाठवा, मग चालवते! त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. टाय सैल केला. पहिल्यांदा!

घरी येऊन अर्ज लिहिला. माझ्या हाताने, माझ्या नावाने. 'मला डाव्या बाजूचं दिसत नाही. मला बस देऊ नये.' तीन वेळा फाडला, चौथ्यांदा लिहिला. लिहिताना एवढा राग आला होता की शाई पसरली. कुणाचा राग ते कळेना. डोळ्यांचा, टायचा, त्या शिक्केवाल्या डॉक्टरचा, भोंग्याचा, देवाचा, सगळ्यांचाच. मला बसशिवाय येतंय काय? सकाळी सहाला उठून आता कुठे जायचं?

स्टेपलर शोधला, सापडला नाही. ह्यांच्यापुढे अर्ज आणि दवाखान्याचा कागद ठेवला. त्यांनी अर्ज वाचला. चष्मा काढून पुसला. मग सुई घेतली, दोन टाके घातले, मागे गाठ मारली. दोरा दाताने तोडला आणि कागद माझ्या उजव्या हातात दिले.

२३ सप्टेंबर, मंगळवार

कारकुनाने माझा अर्ज लावायला फाइल माझ्यासमोरच उघडली. खाली ते निनावी पत्र होतं. दोन कागद. डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याचे दोन टाके, मागे गाठ.

कारकून म्हणाला, "अरेच्चा, सारखेच!" मी गाठीवरून बोट फिरवलं.

नऊ नंबरपाशी गेले. भोंगा मुलं चढवत होती. विचारलं, "तू हो का म्हणालीस गं?"

तिने शेवटचं मूल चढवलं, दार लावलं. म्हणाली, "ते आधी माझ्याकडेच आले होते, लिहू की नको विचारायला. रडले पार. मला सोडून तू जगशील गं. त्यांना टाकून कुठे जाणार होतीस, आंधळे?"

आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.